क्योतोमध्ये काइसेकी जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओसाकात राहायला आल्यापासून मार्चअखेर आणि नोव्हेंबर हे माझे पाहुण्यांचे महिने. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांच्या यादीत साकुराचा बहर नाहीतर लाल झालेली मेपलची पानं असतात, नाराची हरणं असतात आणि खाली कुठेतरी लिहिलेलं असतं, "एकदा ते ठरलेल्या मेनूचं भारीतलं जपानी जेवण." मग फोन सुरू होतात. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

काइसेकी म्हणजे काय? सुशीच ना?

नाही. सुशी हा एक पदार्थ झाला. काइसेकी हे अख्खं जेवण, आठ-दहा टप्प्यांचं, एकामागून एक समोर येणारं. मेनूचा कागद कधी मिळतो, कधी मिळत नाही. मिळाला तरी तो वाचण्यासाठी असतो, निवडण्यासाठी नाही. आपण फक्त किती येनाचा कोर्स हवा ते आधी सांगायचं. पुढचं त्या महिन्यातला बाजार आणि आचारी ठरवतो. लग्नाच्या पंगतीत बसल्यावर "मला मठ्ठा नको, त्याऐवजी दुसरी भाजी करा" असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ 'उराशी धरलेला दगड'. झेन भिक्षू भूक दाबायला गरम दगड कपड्यात पोटाशी धरत, अशी त्यामागची कथा. हे चहाच्या समारंभाआधीचं साधं जेवण, आणि त्याचं नाव सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूशी जोडलं जातं. दुसऱ्याचा अर्थ 'बैठक'. कवींच्या मैफलींतून आलेलं, साकेबरोबर (तांदळाच्या दारूबरोबर) चवीचवीनं खायचं जेवण. उपाहारगृहांत आज बहुतेक ठिकाणी हे दुसरं मिळतं. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे भात : चहाच्या जेवणात तो सुरुवातीलाच घासभर येतो, बैठकीच्या जेवणात अगदी शेवटी.

मग ओमाकासे काय असतं?

'तुमच्यावर सोपवलं' एवढाच त्याचा अर्थ. ती मागवण्याची पद्धत आहे, जेवणाचा प्रकार नव्हे. हा शब्द सुशीच्या काउंटरवर जास्त ऐकू येतो. आणि 'तेइशोकू' लिहिलेलं दिसलं तर ते रोजचं ताट : भात, मिसो सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ, हजार-दीड हजार येनात. तेही ठरलेलंच असतं आणि फार छान असतं, पण आपला विषय तो नाही.

खर्च किती येईल?

एक येन साधारण ५५ ते ६० पैसे धरा. दुपारचा काइसेकी कोर्स ५,००० ते १२,००० येनात मिळू शकतो. रात्रीचा १५,००० च्या पुढे सुरू होतो आणि नावाजलेल्या उपाहारगृहांत ३०,००० कधी ओलांडले ते कळतही नाही. आरक्षण करताना एक ओळ नीट वाचा : किमतीत कर आणि सेवाशुल्क धरलंय की नाही. बसून जेवण्यावर १० टक्के उपभोग कर आहे आणि बऱ्याच ठिकाणी १० ते १५ टक्के सेवाशुल्क वेगळं. २०,००० चं जेवण २५,००० ला पडलं की नवराबायकोत परतीच्या ट्रेनमध्ये शांतता पसरते, हे मी पाहिलंय.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुपारीच जावं. आचारी तोच, भांडी तीच, बाग तर दिवसाच दिसते. टप्पे दोन-तीन कमी असतात, पण सवय नसलेल्या पोटाला तेच बरं.

त्याहून स्वस्तात चव बघायची असेल तर 'शोकादो बेंतो' मागा. काळ्या लाखेचा चौकोनी डबा, आत फुलीसारखी पट्टी आणि चार कप्पे. सतराव्या शतकातल्या शोकादो नावाच्या भिक्षूची रंगाची पेटी तशी होती. ती बघून किच्चो या उपाहारगृहाचे संस्थापक युकी तेइइची यांनी विसाव्या शतकात तिचा जेवणाचा डबा केला. सगळं एकदम समोर येतं, तासाभरात उठता येतं आणि लहान मुलं बरोबर असली तर घाम फुटत नाही.

आरक्षण कसं करायचं?

परदेशातून सरळ फोन करू नका. भाषेचा घोळ होतो. इंग्रजीतून आरक्षण घेणारी संकेतस्थळं आहेत, ती कार्डाचा नंबर आधी मागतात. नाहीतर राहत्या हॉटेलच्या काउंटरवर सांगा, ते फोन लावून देतात. साकुराच्या आणि लाल पानांच्या दिवसांत दोन महिने आधीही जागा मिळेलच असं नाही.

क्योतोत अजूनही काही उपाहारगृहं 'इचिगेन-सान ओकोतोवारी' पाळतात, म्हणजे ओळखीच्या माणसाशिवाय नवखं गिऱ्हाईक घेत नाहीत. राग मानू नका. हा नियम परदेशी माणसांपुरता नाही, टोकियोहून आलेल्या जपानी माणसालाही तिथे नाहीच म्हणतात.

आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलंत तर निम्मे ते पूर्ण पैसे कापले जातात. त्यात अन्याय नाही. तुमच्या नावाचा मासा पहाटे बाजारातून आलेला असतो.

आम्ही शाकाहारी आहोत. "मासे नको" सांगितलं की झालं ना?

झालं नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशि', पाण्यात उतरवलेला अर्क. कोम्बु नावाचं जाड समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे पाण्यात शिजवून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक झालेल्या बोनिटो माशाचे पातळ कीस. या दोन्हींचं पाणी भाजीत, सूपमध्ये, अंड्यात, तोफूवरच्या रसात, पालकावर, कधीकधी लोणच्यातही असतं. आपल्या जेवणातून फोडणी काढा म्हटलं तर काय उरेल? तसंच ते दाशि काढल्यावर. त्यामुळे साध्या काइसेकीच्या ठिकाणी "शाकाहारी करून द्या" म्हटलं की काही आचारी स्वच्छ नाही म्हणतात, काही मनापासून वेगळा कोर्स करतात, आणि काही नुसते माशाचे तुकडे बाजूला काढतात.

माझी आत्या आली तेव्हा आरक्षणाच्या अर्जात मी 'मांस चालत नाही' एवढंच लिहिलं होतं. जपानीत मांस म्हणजे 'निकु', आणि त्या शब्दात मासा येत नाही. चूक माझीच. आत्याने काळ्या वाटीचं झाकण उचललं, आत नितळ पाणी, त्यात एक तोफू आणि गाजराचं फूल. ती म्हणाली, "बघ, किती सात्त्विक!" आणि तो धुरकट वास टेबलापलीकडे माझ्यापर्यंत आला. पुढचा पाऊण तास तिने भात आणि मुळ्याच्या लोणच्यावर काढला. तक्रार केली नाही, हे जास्त लागलं.

तेव्हा आरक्षणातच लिहा : मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपले नको आणि माशाची दाशिही नको. तोंडी सांगायचं तर "साकाना नो दाशि मो ताबेरारेमासेन", माशाचं दाशिही मला खाता येत नाही. जागेवर बसल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर सकाळचं दाशि तयार झालेलं असतं.

पण खरा उपाय वेगळाच आहे. 'शोजिन र्योरी'कडे जा. बौद्ध मठांचं हे जेवण मुळातच शाकाहारी आहे. दाशि फक्त कोम्बु आणि वाळलेल्या शिइताके अळंब्यांचं. आराशियामातल्या तेनर्यू-जी मंदिराच्या आवारात 'शिगेत्सु' आहे : तातामीवर (गवती चटयांवर) लाल बैठका, प्रत्येकापुढे लाल लाखेचं तबक, सगळे रांगेत बसलेले. आपली पंगतच. दाइतोकु-जीच्या परिसरात 'इझुसेन'मध्ये पदार्थ एकात एक बसणाऱ्या लाल वाडग्यांत येतात. आकार भिक्षापात्राचा, आणि खाऊन झालं की सगळी पात्रं एकमेकांत बसवून ठेवायची. वेळ असेल तर कोयासानला जा. इसवी सन ८१६ मध्ये कूकाई या बौद्ध भिक्षूंनी वसवलेल्या त्या डोंगरावर पन्नासेक मठांत मुक्कामाची सोय आहे. संध्याकाळी तिळाचा मऊसूत 'गोमा-दोफू' आणि गोठवून वाळवलेला 'कोया-दोफू' पानात येतो.

नान्झेन-जीच्या आसपास गरम तोफूची, युदोफूची, जुनी उपाहारगृहं आहेत. तोफू कोम्बुच्या पाण्यात गरम होतो, पण बरोबरच्या सॉसमध्ये बहुतेक वेळा कात्सुओ असतो. विचारून घ्या.

कांदा-लसूण खात नाही. चातुर्मास आहे.

शोजिनमध्ये तीव्र वासाच्या पाच वनस्पती वर्ज्य मानतात, त्यांत लसूण आणि कांद्याची जातकुळी आलीच. कांदेनवमी उरकून आषाढी एकादशीपासून कांदा बंद करणाऱ्या घरातल्या माणसाला हे पान परकं वाटणार नाही. मात्र कंदमुळं न खाणाऱ्या जैन मंडळींना इथेही अडचण येते. मुळा, गाजर, कमळकाकडी, गोबो, रताळं यांच्याशिवाय हे जेवण उभंच राहत नाही. आणि स्वयंपाकात साके किंवा मिरिन (तांदळाची गोड दारू) पडत असते. दारूचा थेंबही नको असेल तर तेही आधीच सांगा.

मासे खातो, पण कच्चा नको.

आरक्षणात सांगितलंत तर साशिमीच्या जागी शिजवलेलं काही येऊ शकतं. तरी मी म्हणेन, एक तुकडा खाऊन बघा. आपल्याकडे मासा म्हटलं की आगळ, तिरफळं, हळद-तिखट आलंच. इथे तो काही न लावता येतो, आणि ताजा असला की त्याला वास नसतो. पहिला घास पांढऱ्या माशाचा घ्या, ट्यूनाचा नको.

काय काय येतं आणि कोणत्या क्रमाने?

घरागणिक बदलतं, पण साधारण असं.

आधी 'साकिझुके', घासभराचं काहीतरी, भूक चाळवायला. मग किंवा थोड्या वेळाने 'हास्सुन'. हे नाव मापावरून पडलंय : एक सुन म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर, आठ सुनांचं, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर चौरस देवदारी तबक. त्यावर डोंगरातलं थोडं, समुद्रातलं थोडं, मांडणी त्या ऋतूची. खाण्याआधी मिनिटभर नुसतं बघत बसायचा हा टप्पा. आपण पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर कुठे वाढायची याची जागा ठरवून ठेवली आहे. ते लोक भाजीचं देठ कुणीकडे वळवायचं इथपर्यंत पोचलेत.

पुढे झाकणाची वाटी, 'वान'. जाणकार या वाटीवर आणि साशिमीवर आचारी जोखतात. इथे लपायला मसाला नाही. पाणी, कोम्बु, कात्सुओ, मीठ, किंचित सोया, बस्स. याच कोम्बुच्या अर्कातून १९०८ मध्ये इकेदा किकुनाए या क्योतोत जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. पहिल्या घोटाला तुम्हाला वाटेल, हे तर अळणी आहे. मलाही वाटलं होतं. तिसऱ्या घोटाला जीभ जागेवर येते. मीठ मागू नका, थांबा.

झाकण वाफेने घट्ट बसलं असेल तर ओढू नका. वाटी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, हवा शिरते आणि ते सुटतं. खाऊन झाल्यावर झाकण होतं तसंच परत ठेवा, उलटं नको. लाख खरवडते.

मग साशिमी, भाजलेला मासा, शिजवलेल्या भाज्या, एखादं तळण, एखादं आंबट. शेवटी भात, मिसो सूप आणि लोणची एकदम येतात. ही तिकडी दिसली की ओळखा, जेवण संपत आलं. भात बऱ्याचदा मातीच्या भांड्यात शिजवलेला, झाकण आधी तुमच्यासमोर उघडून दाखवतात. ताकभाताने पान संपवणाऱ्यांना इथे बरं वाटतं. त्यानंतर फळ. नुसतं फळ. एका खरबुजाची एक फोड, पण ती नेमकी पिकलेली. कधी जेलीसारखं काही असलं तर विचारा : 'कान्तेन' असेल तर तो आपला चायना ग्रास, जिलेटिन असेल तर शाकाहाऱ्यांनी सोडा.

कोणत्या ऋतूत यावं?

जेवणासाठीच यायचं असेल तर माझं उत्तर कुणाला आवडत नाही : जुलै. क्योतो तेव्हा तव्यासारखं तापलेलं असतं, पण 'हामो' मिळतो. हा वाम माशासारखा लांबट मासा, समुद्रापासून दूर असलेल्या क्योतोपर्यंत जुन्या काळी उन्हाळ्यातही जिवंत पोचायचा इतका चिवट. काटे मात्र असंख्य. म्हणून आचारी त्याची कातडी न कापता तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस-पंचवीस चिरा देतो. करकर आवाज येतो. मग गरम पाण्यात टाकला की तो पांढऱ्या फुलासारखा उमलतो. आलुबुखारासारख्या आंबट फळाच्या, म्हणजे उमेच्या चटणीबरोबर खायचा. १७ आणि २४ जुलैला रथ निघणाऱ्या गिओन उत्सवाला क्योतोत 'हामोचा उत्सव' असंही म्हणतात.

वसंतात बांबूचे कोवळे कोंब येतात. कोकणात पावसाळ्यात असे कोंब खाणाऱ्यांना ओळख पटेल, फक्त इथे भिजवून कडूपणा काढायची गरज फार पडत नाही इतके ते ताजे असतात. शरदात मात्सुताके अळंबी छोट्या किटलीत येते, तिच्यात लिंबासारखं सुदाचि पिळून तो रस आधी प्यायचा. हिवाळ्यात खेकडा आणि गोडसर पांढरं मिसो.

जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं का? आईचे गुडघे दुखतात.

आरक्षणात 'खुर्ची हवी' लिहा. काउंटरची जागा असेल तर प्रश्नच नाही, शिवाय आचाऱ्याचे हात दिसतात. काही खोल्यांत टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो, तो बरा. खरी तातामी असेल तर पुरुषांनी मांडी घातलेली चालते, बायकांनी पाय एका बाजूला घ्यावेत. पण परदेशी आजीने मांडी घातली म्हणून कुणी भुवया उंचावलेल्या मी पाहिल्या नाहीत. बूट काढायचे असतात, तेव्हा मोजे फाटके नसावेत. अनवाणी नको.

चॉपस्टिक जमत नाहीत.

काटा-चमचा मागा, देतात. काड्याच वापरणार असाल तर दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. भातात त्या उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृताच्या उशाशी ठेवायच्या भाताचं ते रूप. आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, दहनानंतर अस्थी तशा उचलतात. पिंडाच्या भाताची आठवण करून दिली की आपल्या माणसांना हे लगेच पटतं. बाकी चुका माफ.

वाटी उचलून तोंडाला लावणं इथे शिष्टाचारच आहे. भुरके मात्र नूडल्ससाठी राखून ठेवा.

दारू घ्यावीच लागते?

नाही. पण काहीतरी पेय मागवण्याची अपेक्षा असते, गार ऊलाँग चहा चालतो. साधा गरम चहा फुकट येतच असतो.

मुलांना नेता येईल?

बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वर्षांखालच्यांना घेत नाहीत, आणि दोन-अडीच तास शांत बसणं हा मुलांवर अन्यायच आहे. र्योकानमध्ये, म्हणजे जपानी पारंपरिक मुक्कामगृहात, राहा. तिथे रात्रीचं काइसेकी आणि सकाळची न्याहारी भाड्यातच असते, मुलांचा वेगळा मेनू मिळतो आणि कंटाळली तर खोली जवळच. फक्त संध्याकाळी सहा-साडेसहाला हजर राहा. "बस चुकली, साडेआठला येतो" हे तिथे चालत नाही.

कपडे, अत्तर, फोटो?

सूट नको, हाफ पँटही नको. अत्तर अजिबात नको, वाटीतल्या वासावर ते स्वार होतं. मोगऱ्याचा गजराही त्या दिवशी पर्समध्येच राहू दे. जड अंगठ्या आणि बांगड्या लाखेच्या भांड्यांवर ओरखडे काढतात. वाडगा शंभर वर्षांचा असू शकतो. फोटोसाठी आधी विचारा, फ्लॅश बंद, आणि गरम पदार्थ गार होईपर्यंत कोन शोधत बसू नका.

टिप किती ठेवायची?

ठेवायची नाही. ठेवलीत तर पैसे विसरलात म्हणून मागे पळत येतील.

पोट भरतं का? एवढ्याशा वाट्या!

दर वेळी हा प्रश्न विचारणारा माणूस शेवटच्या भाताला हात जोडतो. टप्पे मोजले तर खाणं भरपूर होतं, फक्त तेल कमी आणि वेळ जास्त. आग्रह करून वाढायची पद्धत इथे नाही, पण भात दुसऱ्यांदा मागितला तर आनंदाने देतात. भांड्यात उरलाच तर काही ठिकाणी त्याचे गोळे वळून, बांबूच्या सालीत नाहीतर कागदात बांधून बरोबर देतात. बाकी काहीही बांधून मागू नका, कच्च्या माशाच्या भीतीने ते नाहीच म्हणणार.

नाही आवडलं तर?

थोडं बाजूला ठेवा, चेहरा वाकडा न करता. पान टाकणं त्यांनाही आपल्यासारखंच लागतं. प्रत्येक वेळी "हे काय आहे?" मात्र जरूर विचारा. बहुतेक आचाऱ्यांना सांगायला आवडतं.

निघताना काय म्हणायचं?

"गोचिसोसामा देश्ता." सुरुवातीला "इतादाकिमास", शेवटी हे. क्योतोत मालकीणबाई दारापर्यंत नाही, रस्त्यापर्यंत येतात आणि तुम्ही वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहतात. आपली मंडळी टॅक्सी शोधत निघून जातात आणि त्या तिकडे वाकलेल्याच. तेव्हा वळणावर पोचलात की एकदा मागे बघा आणि मान झुकवा. पावसात तर नक्कीच. त्यांनाही आत जायचं असतं.